परकी पानगळ आणि आमचा शरद

छायाचित्र काढणें ही गोष्ट आतां छंदाच्या सदरांत मोडत नाहीं. तें एक नित्यकर्म होऊन बसलें आहे. पहांटे फिरावयास निघालेले गृहस्थ, गच्चीवर कपडे वाळत घालणारी गृहिणी, महाविद्यालयास जाणारी मुलगी, सर्वांच्या हातीं मोबाईलच्या रूपानें कॅमेरा आलेला आहे. आणि एखादें फूल, एखादें पांखरूं किंवा टेकडीआडून वर येणारें सूर्यबिंब त्यांत टिपून आप्तेष्टांस धाडल्याखेरीज पुष्कळांचा दिवस सुरू होत नाहीं. कवितेस जितके वाचक आहेत त्यांच्या कित्येक पटींनीं या चित्रांस प्रेक्षक आहेत. असें असूनही आमच्या टीकाकारांनीं त्यांच्याकडे फारसें लक्ष दिलेलें नाहीं. चौकटींत बसवून प्रदर्शनांत टांगलेल्या छायाचित्राविषयीं क्वचित् चार शब्द लिहिले जातात. रोजच्या चित्राचें परीक्षण करावें, त्याला गुणदोषांचा कांटा लावावा, असें कोणास सुचत नाहीं. पावसाळा सरल्यापासून मार्गशीर्ष लागेपर्यंतच्या दिवसांत छत्रपति संभाजीनगर (पूर्वीचें औरंगाबाद) येथें आणि आसपासच्या मुलखांत काढलेलीं अशीं शेंकडों चित्रें आम्हीं पाहिलीं. त्यांविषयीं एखाद्या काव्यसंग्रहाविषयीं लिहावें तितक्याच गंभीरपणें लिहिण्याचा विचार आहे. चित्रकारांचीं नांवें देण्याचें प्रयोजन नाहीं. हीं चित्रें एका व्यक्तीचीं नसून एका नगराच्या नजरेचीं आहेत.

त्यांतला पहिला दोष कॅमेऱ्याकडून आलेला नसून शब्दकोशाकडून आलेला आहे. इंग्रजी ‘ऑटम’ या शब्दापुढें आमच्या कोशकारांनीं ‘शरद्’ असें लिहून ठेवलें, आणि त्या एका शब्दाबरोबर तांबड्या-नारिंगी पानांचा एक सबंध परका ऋतु आमच्या घरांत शिरला. आश्विन लागला कीं चित्रांखालीं ‘पानगळ’ हा शब्द दिसूं लागतो. वास्तविक आश्विन-कार्तिकांत या दख्खनच्या पठारावर पानें गळतच नाहींत. गौताळ्याच्या जंगलांत साग, सालई, मोह यांवर त्या वेळीं पालवी भरगच्च असते. रानें उघडीं पडूं लागतात तीं पौष-माघांत, आणि पानगळीचा खरा ऋतु आमच्याकडे शिशिर हाच आहे. मग चित्रांतलें पिंगट पान येतें कोठून? बहुधा तें सागाचें असतें, आणि कोणत्याही ऋतूनें तें पिकविलेलें नसतें. पावसाच्या उत्तरार्धांत एक बारीक अळी सागाच्या पानांतील हिरवा गर खाऊन टाकते व शिरांची जाळी तेवढी मागें ठेवते. लांबून पाहणाऱ्यास सारें रान करपल्यासारखें दिसतें. हें जाळीदार पान सकाळच्या उन्हांत धरून काढलेलें चित्र अतिशय सुंदर येतें, याविषयीं वाद नाहीं. परंतु त्याखालीं ‘पानगळीचे रंग’ असें लिहिलें म्हणजे पाहणाराचें लक्ष अळीकडे जाण्याऐवजीं काश्मीरच्या चिनाराकडे जातें, आणि समोर जें घडत आहे तें अदृश्य होतें.

लाल पानाविषयींचा घोटाळा तर याहून मोठा आहे. थंड देशांत लाल पान हें झाडाच्या निरोपाचें पान असतें. आमच्याकडे लाल पान बहुधा नुकतें जन्मलेलें असतें. पिंपळाची तांबूस, तुकतुकीत पालवी फाल्गुन-चैत्रांत फुटते. कुसुंबाचें झाड त्याच सुमारास असें लालभडक होतें कीं अनोळखी माणसास तें फुलांनीं बहरल्यासारखें वाटावें. अंगणांतला देशी बदाम हा एक अपवाद. त्याचीं पानें गळण्यापूर्वीं खरोखर लाल होतात, पण तोही कडाक्याच्या थंडीची वाट पाहतो. शाळेंतल्या मुलांस ‘शरद् ऋतूचें चित्र काढा’ असें सांगितलें कीं तीं नारिंगी पानांचा सडा घालतात, तेव्हां त्यांच्या खिडकीबाहेरचा कडुनिंब हिरवागार उभा असतो. ज्या मुलास खिडकीबाहेर पाहून चित्र काढण्याची संवय नाहीं, तें पुढें मोबाईल हातीं आल्यावर तरी निराळें काय टिपणार?

यावर कोणी म्हणेल कीं इंग्रजी ऋतु टाकून संस्कृत ऋतु घ्यावा. कालिदासाच्या ऋतुसंहाराचा तिसरा सर्ग शरदाचाच आहे. काशाचीं पांढरीं फुलें, हंस, निवळलेलें पाणी, पिकलेलीं भातें हा सारा सरंजाम तेथें सिद्ध आहे. आणि खरोखरीच आमच्या चित्रकारांपैकीं जे अधिक वाचलेले आहेत ते गोदावरीच्या कांठीं काशफुलें शोधीत हिंडतात. काश तेथें आढळतो, नाहीं असें नाहीं. परंतु संभाजीनगरच्या माणसाच्या रोजच्या वाटेवर काश नाहीं व भातखाचरही नाहीं. येथें बाजरी आहे, मका आहे, कापूस आहे. वाङ्मयांतून ऋतु उचलणें हें शब्दकोशांतून उचलण्याहून सभ्य खरें, पण उसनवारी ती उसनवारीच. याच जिल्ह्यांतल्या पैठणाशीं, सातवाहनांच्या प्रतिष्ठानाशीं, हालाच्या नांवावर चालत आलेल्या गाथासप्तशतीचा संबंध जोडलेला आहे. त्या माहाराष्ट्री प्राकृतांतल्या सुमारें सातशें गाथा म्हणजे दोन-दोन ओळींचीं चित्रें आहेत. शेत, कुंपण, नदीचा उतार, पाणवठा, राखणीला बसलेली स्त्री. तेथें प्रत्येक वस्तूला जवळपासचें गांव आहे. रोजच्या छायाचित्रानें पूर्वज शोधावयाचाच असेल तर तो महाकाव्यांतल्या ऋतुवर्णनांत न शोधतां या गाथांत शोधावा, असें आम्हांस वाटतें. लहान आकार, जवळचा विषय, आणि एकच क्षण, हे तिन्ही गुण तेथें आधींच सिद्ध झालेले आहेत.

आतां येथील शरद् आहे तरी कसा? बीबीच्या मकबऱ्याच्या पाठीमागें औरंगाबाद लेण्यांचा डोंगर आहे, आणि जवळच हनुमान टेकडी व गोगाबाबा टेकडी. भाद्रपदांत हे सारे उतार हिरवे असतात, इतके हिरवे कीं चित्र काढण्यास तेथें कांहीं उरत नाहीं. पाऊस मागें फिरतो आणि मग रोज थोडाथोडा रंग बदलूं लागतो. झाडांचा नव्हे, गवताचा. आमच्या शरदाचें सारें नाट्य गवतांत आहे. शेंड्याकडून पिंवळेपणा उतरतो, मारवेलीच्या दांड्यावर जांभळट झांक येते, आणि कुसळीच्या तुऱ्यांनीं सबंध उतार तांबूस-तपकिरी होतो. या कुसळाची करणी पाहण्यासारखी असते. त्याची लांब शेपटी दंवानें भिजली कीं पीळ उलगडते व उन्हानें वाळली कीं पुन्हां पीळ घेते. या फिरण्यानें तळाचें टोंकदार बीं जमिनींत स्क्रूसारखें रुतत जातें. फिरावयास गेलेल्या माणसाच्या विजारींत तेंच बीं रुततें आणि घरीं येऊन तो तें चरफडत उपटून काढतो. ज्या वस्तूनें आपल्या कपड्यांवर रोज स्वारी केली तिचें एकही चित्र त्याच्या संग्रहांत नसावें, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटली. सुंदर म्हणून जें अगोदरच मान्य झालें आहे तेंच टिपावयाचें, आणि टोंचणारें तेवढें टाकावयाचें, ही संवय त्यांत दिसते.

गवताच्या जोडीला तरवड आहे. मराठवाड्याच्या उघड्या, खडकाळ माळावर तरवडाचीं पिंवळीं फुलें नवरात्रांत ऐन भरांत असतात. शेतांच्या बांधांवर कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे उभे असतात. शहरांत बुचाच्या लांब देंठांच्या फुलांचा रस्त्यांवर सडा पडतो आणि सप्तपर्णीचा उग्र दर्प रात्रीं अंगणांत शिरतो. बाजारांत दौलताबादेकडचीं सीताफळें येतात. (गंमत अशी कीं नांवांत साक्षात् सीता असलेलें हें फळ मूळचें अमेरिका खंडांतलें. तेव्हां परकें तें त्याज्य असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं; सीताफळ येथील मुरमाड जमिनींत रुजलें, चिनाराचें पान मात्र अद्याप कागदावरच आहे.) आणि या सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे ऊन. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याअखेर येथें माध्यान्हीं सूर्य क्षितिजापासून सुमारें ७० अंश वर असतो. नोव्हेंबरच्या मध्यास तो सुमारें ५२ अंशांवर उतरतो. पावसानें हवेंतली धूळ धुऊन काढलेली असते. सांवल्या लांबतात, काळ्या कातळाच्या कडा स्पष्ट होतात, आणि वेरुळास कैलास लेण्याच्या प्रांगणांत ज्या कोपऱ्यांत श्रावणांत नुसता काळोख असतो तेथें आकृति दिसूं लागतात. शरदाचें चित्र काढणें म्हणजे पुष्कळ अंशीं या उतरत्या उन्हाचें चित्र काढणें होय. ज्यांनीं हें ओळखलें त्यांचीं चित्रें, विषय क्षुल्लक असूनही, डोळ्यांपुढून हलत नाहींत: वाळत घातलेल्या बाजरीच्या कणसांवर तिरपें पडलेलें ऊन, दंव बसल्यामुळें एकाएकीं दिसूं लागलेलें कोळ्याचें जाळें, फुटलेल्या बोंडांतून उजळलेला कापूस.

या मुलखाचें छायाचित्रण कांहीं कालचें नाहीं. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृति करण्याकरितां १८४४ मध्यें नेमलेला रॉबर्ट गिल हा मद्रासच्या सैन्यांतला अधिकारी पुढें कॅमेरा वापरूं लागला, आणि १८६४ मध्यें त्याच्या शंभर जोडचित्रांचा एक संग्रह जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह लंडनमध्यें प्रसिद्ध झाला. त्याच्या नांवांतच पश्चिम हिंदुस्थानांतलें स्थापत्य आणि निसर्ग हे दोन्ही विषय होते. मराठी वाचकांस गिल ठाऊक आहे तो पारूच्या कहाणीमुळें व महानोरांच्या ‘अजिंठा’ या काव्यामुळें. त्याच्या तैलचित्रांपैकीं बहुतेक १८६६ मध्यें लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळालीं, हें दुःखही सर्वांस परिचित आहे. त्याच्या छायाचित्रांचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्यांत एक विलक्षण गोष्ट आहे. त्या काळीं ओल्या कलोडियनचा लेप दिलेली कांच वापरीत. ती लेप ओला आहे तोंवरच वापरून धुवावी लागे, त्यामुळें तंबू, औषधें, पाणी असा सारा संसार डोंगरावर न्यावा लागे. हलतें पांखरूं त्या कांचेवर उमटणें कठीण. शिवाय ती कांच निळ्या प्रकाशास फार हळवी व पिंवळ्या-तांबड्यास जवळजवळ आंधळी असे. परिणाम असा कीं निळें आकाश कोऱ्या कागदासारखें पांढरें उमटे, आणि सोनेरी गवत काळवंडून जाई. म्हणजे शरदाचे जे दोन मुख्य रंग, तेच दोन त्या यंत्रास दिसत नव्हते! दगड मात्र त्या कांचेवर अप्रतिम उतरे, म्हणूनच त्या काळच्या चित्रांत लेणीं अजरामर झालीं आणि ऋतु हरवला.

आजच्या मोबाईलचा दोष याच्या अगदीं उलट आहे. त्यास सर्व रंग दिसतात, पण जसे आहेत तसे ठेवण्याचा त्याचा स्वभाव नाहीं. अंधार उजळावा, आकाश अधिक निळें करावें, हिरव्यास अधिक हिरवें करावें, अशी त्याची घडणच केलेली असते. वाळत्या गवताचा जो खरा रंग, गव्हाच्या काडासारखा, किंचित् मळकट, मधूनच तांबूस, तो या उत्साही यंत्रास अपुरा वाटतो व तें त्यास तूप-साखर लावून गोड करतें. कोजागिरीच्या दुधांतल्या चंद्राचें चित्र काढण्याची दरवर्षींची धडपड आम्हीं पाहतों. वाटींत एक पांढरा ठिपका येतो आणि घरांतील मंडळी समाधानानें दूध पिऊन झोंपी जातात. तो निरागस फसवा ठिपका आम्हांस पुष्कळदां रंगविलेल्या सूर्यास्ताहून अधिक प्रामाणिक वाटला.

पक्ष्यांच्या चित्रांचा प्रश्न निराळा आहे, कारण त्यांत कौशल्य व खर्च दोन्ही अधिक लागतात. शहरांत दिल्ली दरवाज्यापाशीं जुना खिजरी तलाव आहे. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचें नांव त्यास दिलेलें आहे. सालिम अलींनीं १९३१-३२ मध्यें तत्कालीन हैदराबाद संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी केली होती आणि हा जिल्हा तेव्हां त्या संस्थानांतच होता, हें लक्षांत घेतां नांव उचित आहे. समोरच्या हिमायत बागेंतलीं जुनीं झाडें आणि तो तलाव मिळून भरवस्तींत पांखरांस एक आसरा आहे. दक्षिणेस पैठणजवळ जायकवाडीचा नाथसागर. १९७६ मध्यें पुरें झालेलें हें धरण १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. आश्विनांत धोबी पक्षी उत्तरेकडून येऊन गच्च्यांवर शेपटी नाचवूं लागतो. संस्कृत कवींनीं या खंजनास शरदाचा दूत मानलें तें मात्र येथेंही तंतोतंत खरें आहे. पुढें गप्पीदास कुंपणाच्या तारांवर येऊन बसतो, नाथसागरावर चक्रवाकांच्या जोड्या उतरतात.

या पक्ष्यांचीं उत्तम म्हणून वाखाणलेलीं चित्रें पाहिलीं कीं एक गोष्ट खटकते. पीस न् पीस स्पष्ट, डोळ्यांतली चमक स्पष्ट, आणि मागें नुसता हिरवट-करडा धूसर पडदा. लांब भिंगाचा तो धर्मच आहे, आणि ती धूसरता मुद्दाम साधली जाते. पण त्या पडद्यामागें काय गेलें? चिखल गेला, पाण्याची उतरती रेघ गेली, बेशरमाचीं झुडपें, मासेमाऱ्याची होडी व गाळपेराचें शेत गेलें. पांखरूं राहिलें, त्याचें येणें गेलें. असा धोबी नाथसागरावर काढला काय आणि दुसऱ्या खंडांतल्या तळ्यावर काढला काय, चित्रांत तिळमात्र फरक पडत नाहीं. संग्रहालयांतल्या पेंढा भरलेल्या पक्ष्यास निदान मागें लिहिलेली तारीख व जागा तरी असते. शिवाय अशा जवळच्या चित्राच्या हव्यासानें दलदलींत पांखरांच्या थव्यांवर चालून जाणारे महाभाग आम्हीं पाहिले आहेत. थवा उडाला म्हणजे ‘उड्डाणाचें’ चित्र मिळतें व ते कृतार्थ होतात! रात्रभर प्रवास करून आलेल्या त्या जिवांच्या खाण्याची वेळ त्यांनीं मोडली, हें त्यांच्या गांवींही नसतें.

तारखेचा प्रश्न क्षुल्लक नाहीं, हें २०२५ च्या शरदानें दाखवून दिलें. त्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत अतिवृष्टि झाली, जायकवाडीचे दरवाजे उघडून गोदावरींत मोठा विसर्ग करावा लागला, कांठचीं शेतें खरवडून निघालीं, कापूस व सोयाबीन यांची फार हानि झाली. धरण तुडुंब असलें म्हणजे उथळ चिखलाचे कांठ उघडे पडण्यास वेळ लागतो, आणि चिखलावर चरणाऱ्या पांखरांस जागा राहत नाहीं. म्हणजे तो शरद् पक्ष्यांसही निराळा होता. त्या दिवसांतलीं जीं चित्रें आमच्यापर्यंत पोंचलीं त्यांत मात्र नेहमींचाच सूर्योदय होता, नेहमींचाच तरवड होता. कांहीं थोडीं निराळीं निघालीं. एकांत पाण्यांत उभी असलेली कापसाची रांग होती, बोंडें काळपट पडलेलीं, आणि त्याच चौकटींत, वर, अत्यंत स्वच्छ निळें शरदाचें आकाश. काढणारानें कसलीही सजावट केली नव्हती. खालीं गांवाचें नांव व दिवस एवढेंच लिहिलें होतें. निसर्गाचें चित्र सुंदर असावें कीं खरें असावें हा वाद त्या चित्रापुढें आम्हांस शब्दांचा खेळ वाटला. तें आकाश सुंदर होतें, म्हणूनच खालचा कापूस पाहवत नव्हता. ज्यांच्या घरीं शेती नाहीं अशा शहरी कुटुंबांनीं रोज पाठविलेल्या चित्रांत शेत येतें तें बहुधा पार्श्वभूमि म्हणून. येथें तें प्रथमच विषय झालें होतें. महानोरांनीं १९६७ मध्यें ‘रानांतल्या कविता’ प्रसिद्ध केल्या, तेव्हां अजिंठ्याच्या परिसरांतलें रान त्यांत राबणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनीं मराठी कवितेंत आलें. छायाचित्रांत तसा डोळा अद्याप अपवादानेंच दिसतो, जरी मोबाईल बांधावरही पोंचलेला आहे.

आम्हांस सर्वांत अधिक आवडलीं तीं चित्रें मात्र एकेकटीं पाहण्यासारखीं नव्हतींच. कोणी एकानें घराच्या गच्चीवरून, एकाच कोपऱ्यांतून, समोरच्या टेकडीचें रोज एक चित्र काढलें होतें. भाद्रपदाच्या अखेरीपासून कार्तिक संपेपर्यंत. पहिलीं दहा-बारा चित्रें पाहतांना कंटाळा येतो, हें कबूल केलें पाहिजे. पुढें कंटाळ्याची जागा एक प्रकारची सावधता घेते. अमुक दिवशीं उताराचा वरचा पट्टा पिंवळा झालेला आहे आणि खालचा, ओढ्यालगतचा, अजून हिरवा आहे, हें आपण होऊन दिसूं लागतें. मध्येंच दोन दिवस धुकें. मग एके दिवशीं उतारावर एक मोठा काळा डाग: कोणी तरी गवत पेटवून दिलें होतें. मागच्या तीसएक चित्रांनीं तो उतार ओळखीचा झालेला नसता तर त्या काळ्या डागाचें आम्हांस कांहीं वाटलें नसतें. दुर्गा भागवतांचें ‘ऋतुचक्र’ १९५६ मध्यें प्रसिद्ध झालें, तेंही चैत्रापासून एकेक महिना घेऊन चालतें. तेथें सौंदर्य एकट्या फुलांत नसून कालच्या आणि आजच्या फुलांतल्या अंतरांत आहे. गच्चीवरच्या त्या चित्रकारानें तें पुस्तक वाचलें होतें कीं नाहीं हें गौण आहे. त्याची रीत तीच होती. त्याच्या मालिकेंत दोष नव्हते असें नाहीं: कांहीं चित्रें दुपारीं काढल्यामुळें सपाट आलीं होतीं, विजेची एक तार चौकटीच्या मध्यावरून जात होती, आणि ती टाळण्यासाठीं त्यानें जागा बदलली नाहीं. ती तारही पुढें उपयोगी पडली. कार्तिकांत तिच्यावर एक नीलपंख येऊन बसला, आणि पुढच्या नऊ चित्रांपैकीं सहांत तो त्याच जागीं बसलेला आहे, लहानसा, ठिपक्याएवढा, मागें वाळलेली टेकडी.